सामूहिक आणि किरकोळ

२०२५च्या जून महिन्यात सार्वजनिक क्षेत्रातील एका बँकेच्या कर्मचारी संघटनेचे स्थानिक चिटणीस आमच्या मराठी विभागात आले. ९ जुलैच्या देशव्यापी संपासाठी काढावयाच्या पत्रकाचा इंग्रजी मजकूर त्यांच्या हाती होता. "सर, मॅडम, आमच्या शिपायालाही कळेल असं मराठी करून द्या," एवढीच मागणी. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बाजूला सारून आम्ही दोघे बसलो. तासाभराचे काम वाटले होते. तीन संध्याकाळी गेल्या.

विषय होता औद्योगिक संबंध संहिता. संसदेने ती सप्टेंबर २०२० मध्ये संमत केली. लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ रोजी, म्हणजे आमचे पत्रक वाटून झाल्यावर चार महिन्यांनी. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात संपाची पूर्वसूचना लोकोपयोगी सेवांपुरती सक्तीची होती. संहितेने ती प्रत्येक औद्योगिक आस्थापनेला लावली: किमान १४ दिवस. सूचना गेली की समेट अधिकारी बैठक बोलावणार, बैठक झाली की समेटाची कार्यवाही सुरू, आणि ती चालू असताना व संपल्यावर सात दिवस संप बेकायदा. संपाचा हक्क शाबूत आहे. मुहूर्त तेवढा सापडावयाचा नाही. शिवाय एखाद्या दिवशी निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून रजा घेतली तरी तो संपच. येथे आम्ही 'सामूहिक किरकोळ रजा' असे लिहिले आणि अडलो. जे सामूहिक आहे ते किरकोळ कसे?

"तुमच्या बँकांना जुन्या कायद्यातही वेळोवेळी लोकोपयोगी सेवा म्हणून घोषित करीतच होते, मग तुमचे नवे काय जाणार?" असे आम्ही विचारले. चिटणीस म्हणाले, "आमचं फारसं नाही, मॅडम. पण दारावरचा रक्षक कंत्राटी, एटीएम झाडणारी बाई कंत्राटी. उद्या त्यांनी संघटना काढली तर?" उत्तर मनाला भिडले, पूर्ण पटले मात्र नाही. कायम नोकरदारांच्या संघटनांना कंत्राटी माणूस उशिराच दिसतो, हे आम्ही घरचेच उदाहरण पाहून सांगू शकतो.

घरचे म्हणजे आमचे. पत्रकासाठी 'कामगार' या शब्दाची व्याख्या चाळताना आम्ही तीत स्वतःला शोधले. अंगमेहनतीचे, कुशल-अकुशल, तांत्रिक, कारकुनी काम तीत आहे, अध्यापन नाही. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने बंगलोर पाणीपुरवठा खटल्यात 'उद्योग' या संज्ञेत शिक्षणसंस्थाही आणल्या. १९८८ साली गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात त्याच न्यायालयाने शिक्षक हा 'कामगार' नव्हे, असा निर्णय दिला. शिकविणे हे उदात्त व्रत ठरले. म्हणजे महाविद्यालय उद्योग, त्यातला कारकून कामगार आणि आम्ही व्रतस्थ! २०१३ साली राज्यातील प्राध्यापकांनी परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला, तेव्हा आम्ही नोकरीत नवखे होतो. कुणी त्याला संप म्हटले की आम्ही तत्परतेने दुरुस्ती करीत असू. विद्यार्थ्यांच्या नजरेला नजर देणे जड जाई, ही गोष्ट वेगळी. पण 'संप' हा शब्द गिरणीचा, आपला नव्हे, असेही कुठेतरी वाटत होतेच.

गुजरातीत 'संप' म्हणजे एकोपा. आमच्याकडे तोच शब्द काम थांबविण्याला चिकटला. चिटणिसांना हे सांगितले, तर ते खूश होऊन म्हणाले, "हे पत्रकात घाला." घातले नाही, कायद्याच्या पत्रकात व्युत्पत्ती शोभत नाही, असे आमच्यातल्या एकाचे मत पडले. आज ते चुकले असे वाटते.

९ जुलैला चिटणीस पत्रकाच्या पन्नासेक प्रती विभागात ठेवून गेले. तासिका तत्त्वावर शिकविणारी आमची तरुण सहकारी टेबलाशी उभी राहून ते शेवटपर्यंत वाचत होती. "मराठी छान झालंय, सर," ती म्हणाली. "यात आपण कुठे येतो?" आम्ही व्याख्येचे सांगू लागलो, तेवढ्यात घंटा झाली. तास बुडाला की मानधन बुडते. पत्रकाची घडी पुस्तकात घालून ती वर्गावर गेली.