वासे

बदललेली ओळ एकच आहे. माझ्या लायब्ररीत बेसच्या, म्हणजे हॅस्केल भाषेच्या पायाभूत लायब्ररीच्या, वरच्या मर्यादेपुढे ४.१८ होतं, तिथे ४.१९ झालं. बदल मी केलेला नाही. हॅकेज या हॅस्केलच्या भांडारावर विश्वस्तांना तो अधिकार असतो. मूळ गठ्ठा तसाच राहतो, कोडच्या एका अक्षराला हात लागत नाही. फक्त कबाल फाइल, म्हणजे कुठली लायब्ररी कितव्या आवृत्तीपर्यंत चालेल याची नोंद, सुधारली जाते आणि तिच्यावर सुधारणेचा क्रमांक पडतो. ज्याने केलं त्याने माझं ओझंच हलकं केलं. तरी चार दिवस मी ती ओळ पुन्हा पुन्हा उघडून पाहतो आहे.

जीएचसी या कंपायलरची प्रत्येक मोठी आवृत्ती आपलं बेस घेऊन येते. ९.६ बरोबर ४.१८ आलं. मी ‘४.१८ च्या आत’ लिहून ठेवलेलं, म्हणून नवा कंपायलर घेतलेल्या कुणाला कबाल या बांधणीच्या साधनाने सांगितलं की जुळणी सापडत नाही. त्या माणसाला माझी लायब्ररी ठाऊकही नसेल. त्याने तिसरीच मागितली असेल. ती दुसरीवर उभी, दुसरी माझ्यावर. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. इथे घर फिरलं, एक वासा फिरला नाही, आणि छप्पर अडलं.

आजी ही म्हण माणसांबद्दल वापरायची. आजोबांची नोकरी सुटल्यावर ज्यांनी येणंजाणं थांबवलं, त्यांच्याबद्दल. मला मात्र म्हण ऐकली की खरेच वासे दिसत. कोकणातल्या आमच्या घरावर नळे होते. दर वैशाखात शाकारणी व्हायची: नळे उतरवायचे, फुटके बाजूला काढायचे, उरलेले झटकून पुन्हा चढवायचे. छप्पर उघडं पडलं की माजघरात वरून ऊन यायचं आणि रोजची जागा परकी वाटायची. एका वर्षी सुतारकाका आढ्याजवळ बसून एका वाशावरून तळवा फिरवत होते. मी खालून विचारलं, “काका, वासे फिरतात म्हणजे काय होतं?”

“लाकूड ओलं चढवलं तर वाळताना पिळतं,” ते म्हणाले. “वासा पिळला की नळे सरकतात, पाणी आत येतं, भिंत बसते. घर मागनं फिरतं रे. वासे आधी.”

म्हणजे म्हण उलटी असावी. की म्हण करणाऱ्याने घर आतून पाहिलं आणि सुतारकाकांनी वरून? आजीच्या म्हणीत न फिरणारा वासा हाच भला वासा. माझ्या कामात न फिरणारा वासाच लोकांना अडवतो. आणि काकांचं ऐकायचं तर विचारावं लागेल ते लाकडाला, इमानाला नाही. ते तसंच करायचे. प्रत्येक वाशावर हातोडीने दोनदा ठोकून ऐकायचे आणि बहुतेक वासे तसेच ठेवायचे. मी ९.६ आल्यावर ठोकून पाहिलं नव्हतं. माझ्या गैरहजेरीत कुणीतरी पाहिलं, आणि लाकूड ठणठणीत निघालं.

मग मी इतके महिने कशावर पहारा देत होतो? वरची मर्यादा दोन वेगळ्या गोष्टी एकाच खुणेने सांगते, हे मला फार उशिरा कळलं. ‘पुढे मोडतं, हे मला माहीत आहे’ आणि ‘पुढचं मी पाहिलेलं नाही’. कबालला दोन्ही सारख्याच. पहिलीत ज्ञान आहे, दुसरीत फक्त माझी अनुपस्थिती.

पण मर्यादा काढूनच टाकावी, असंही मन घेत नाही. २०२२ मध्ये एमटीएल या लायब्ररीच्या २.३ ने कंट्रोल-मोनॅड हे मॉड्यूल पुढे देणं थांबवलं आणि कितीतरी जुन्या कोडला त्यातली व्हेन, अनलेस ही फंक्शनं सापडेनाशी झाली. ते निदान बिल्डमध्येच कळतं. २०१५ च्या जीएचसी ७.१० मध्ये लांबी मोजणारं लेंग्थ यादीपुरतं उरलं नाही, जोडीलाही चालू लागलं, आणि दोन वस्तूंच्या जोडीची लांबी एक येऊ लागली. जी चूक आधी कंपायलर दारातच अडवायचा ती आता मुकाट्याने आत जाऊ शकते. बिल्ड हिरवा आणि अर्थ फिरलेला. असा पीळ ठोकून ऐकू येतो का? विश्वस्ताने ऐकला असेल का? त्याच्यापुढे माझ्यासारख्या शेकडो लायब्ऱ्या असतात, आणि माझं लाकूड कुठे ओलं चढवलंय हे मलाच ठाऊक आहे. निदान असायला हवं होतं.

९.८ बरोबर ४.१९ केव्हाच आलेलं आहे, म्हणजे दार पुन्हा बंद. ४.२० लिहायला दोन सेकंद पुरतात. बिल्ड लावून दिला आहे, टेस्ट चालू आहेत. सगळं हिरवं आलं तरी ती ओळ आज बदलेन की नाही, सांगता येत नाही.