ताळा जमेपर्यंत

उपयोजित बीजगणिताच्या अंतिम परीक्षेची तयारी भागाकारापासून सुरू होते. ग्रुप, रिंग, फील्ड ही भारदस्त नावे पुढच्या प्रकरणांत येतात. पण गुप्त संदेश असो की चूक दुरुस्त करणारा कोड, बहुतेक गणिते शेवटी बाकीपाशी येऊन थांबतात. म्हणून उजळणीची पहिली बैठक युक्लिडच्या मसाविला द्यावी. मोठ्या संख्येला लहान संख्येने भागायचे, मग लहान संख्येला उरलेल्या बाकीने, असे करत बाकी शून्य होईपर्यंत खाली उतरायचे. शाळेत ही रीत मसावि हाती आला की संपते. इथे आलेल्या पायऱ्यांनी परत वर चढायचे असते, आणि खरे काम त्या चढणीत आहे.

४० आणि ७ घ्याव्यात. ४० = ५ × ७ + ५; ७ = १ × ५ + २; ५ = २ × २ + १. आता शेवटच्या ओळीतला १ धरून वर जायचे: १ = ५ − २ × २. त्यातल्या बाकी २ च्या जागी ७ − ५ ठेवले की १ = ३ × ५ − २ × ७. मग ५ च्या जागी ४० − ५ × ७ ठेवले की १ = ३ × ४० − १७ × ७. म्हणजे ४० च्या हिशेबात ७ चा व्यस्त −१७, अर्थात २३. चुका याच वाटेवर होतात. एखादे ऋण चिन्ह गळते, किंवा घाईने गुणाकार उरकला जातो आणि ज्या बाक्या शेवटपर्यंत जपायच्या त्या बेरजेत विरून जातात. बाक्यांभोवती पेन्सिलीने चौकोन काढण्याची सवय साधी असली तरी फार उपयोगी आहे. शेवटी ताळा पाहावा: ७ × २३ = १६१, म्हणजे ४ × ४० + १. हे जमले की उत्तरपत्रिका कोणी तपासण्याआधीच उत्तर बरोबर असल्याचे कळलेले असते. या विषयाचा हा मोठेपणा आहे. त्यातले जवळजवळ प्रत्येक उत्तर आपला पुरावा सोबत बाळगते, आणि तयारी म्हणजे मुख्यतः तो पुरावा मागण्याची सवय.

ही रीत आपल्याकडे जुनी आहे. आर्यभटाने ४९९च्या सुमारास ‘आर्यभटीया’त कुट्टक सांगितला, तो याच जातीचा. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त कुट्टकाला स्वतंत्र प्रकरण आहे. तेराव्या शतकाच्या आरंभी त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात आहे. आज उजळणीच्या वहीत पहिल्या पानावर येणारे हे गणित आठशे वर्षांपूर्वी खानदेशात बसून कोणीतरी सोडवत असणार, ही जाणीव अभ्यासाला बळ देणारी आहे.

व्यस्त काढता आला की रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांची १९७७ची आरएसए पद्धत अवघड राहत नाही. ५ आणि ११ या मूळ संख्यांचा गुणाकार ५५; दोन्हींतून एकेक वजा करून ४ × १० = ४०; जाहीर घात ७, आणि गुप्त घात वर काढलेला २३. संदेश २ असेल तर २ चा सातवा घात १२८, ५५ ने भागून बाकी १८. आता हा १८ परत उलगडायचा, म्हणजे त्याचा तेविसावा घात काढायचा. तेवीस वेळा गुणत बसायचे नाही. वर्ग करत जायचे आणि दर वेळी ५५ ने भागून बाकीच ठेवायची. १८ चा वर्ग ३२४, बाकी ४९, चौथ्या घाताची बाकी ३६, आठव्याची ३१, सोळाव्याची २६. तेवीस म्हणजे १६ + ४ + २ + १. २६ × ३६ = ९३६, आणि १७ × ५५ = ९३५, म्हणून बाकी १. राहिले ४९ × १८ = ८८२; त्यातून ८८० वजा जाता बाकी २. पाठवलेला २ परत हाती येतो. हा क्षण कागदावर एकदा तरी स्वतः अनुभवावा; कॅल्क्युलेटरवर तो कळत नाही. २ परत का येतो, याचे उत्तर ऑयलरच्या प्रमेयात आहे, आणि ते प्रमेय नुसते लिहिता येणे पुरेसे नाही. ४० शी सहमूळ असणाऱ्या संख्यांचा आणि ५५ शी सहमूळ असणाऱ्यांचा घोळ जिथे होतो, तिथे प्रमेय पाठ असूनही गणित चुकते.

ग्रुपच्या प्रकरणात लाग्रांजचे प्रमेय केंद्रस्थानी असते: सांत ग्रुपमधल्या सबग्रुपच्या घटकांची संख्या मूळ ग्रुपच्या संख्येला निःशेष भागते. सिद्धता लहान आहे. सगळे कोसेट सारख्या आकाराचे, एकमेकांत न मिसळणारे, आणि मिळून सारा ग्रुप व्यापणारे. पण याचा व्यत्यास खरा नाही. चार वस्तूंच्या सम क्रमपालटांचा ग्रुप १२ घटकांचा आहे, आणि त्यात ६ घटकांचा सबग्रुप नाही. हे एक उदाहरण पक्के असले की बरेच गैरसमज टळतात. बर्नसाइडच्या मोजणीलाही स्वतःचा ताळा आहे. दोन रंगांच्या चार मण्यांच्या माळा, फक्त फिरवणे चालते असे धरून, (१६ + २ + ४ + २) ÷ ४ = ६. भागाकार निःशेष गेला नाही तर मोजणी चुकली, हे नक्की.

कोडच्या प्रकरणासाठी उत्तम सरावसंच घरच्या पुस्तकांच्या कपाटात असतो. २००७पूर्वीच्या पुस्तकांवर दहा अंकी आयएसबीएन आढळतो; भारतातल्या बऱ्याच पुस्तकांवर तो ८१ ने सुरू होतो. अंकांना अनुक्रमे १० पासून १ पर्यंत गुणून बेरीज केली की तिला ११ ने निःशेष भाग जायला हवा. ११ ही मूळ संख्या असल्यामुळे एक अंक चुकला किंवा दोन अंकांची अदलाबदल झाली तर ते लपत नाही. तेरा अंकी नव्या पद्धतीत हिशेब १० चा असल्याने १ आणि ६ शेजारी असून उलटे पडले तर चूक निसटते. आधारच्या बारा अंकांतला शेवटचा अंक व्हेरहॉफच्या रीतीने ठरतो. तिच्या मुळाशी पंचकोनाच्या दहा सममितींचा ग्रुप आहे, जिथे गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर बदलते, आणि म्हणूनच शेजारच्या अंकांची अदलाबदल पकडली जाते.

चूक आहे एवढे कळणे आणि ती कुठे आहे हे कळणे यांतले अंतर रिचर्ड हॅमिंग यांनी ओलांडले. बेल लॅब्जमधले यंत्र शनिवार-रविवारी चूक दिसताच त्यांचे गणित सोडून देई. त्या वैतागातून आलेला शोध १९५०मध्ये छापला गेला. सात जागांपैकी १, २ आणि ४ या जागा तपासणीच्या. १०११ हा संदेश उरलेल्या जागांत भरला की शब्द होतो ०११००११. वाटेत सहावी जागा बिघडून ०११०००१ पोचला असे धरू. १, ३, ५, ७ या जागांची बेरीज सम. २, ३, ६, ७ ची विषम. ४, ५, ६, ७ ची विषम. विषम आलेल्या २ आणि ४ यांची बेरीज ६. बिघाड सहाव्या जागी, हे कोडनेच सांगितले.

सांत फील्ड बहुतेकांना सर्वांत जड वाटते, पण आठ घटकांचे एक फील्ड हाताने पूर्ण मांडले की भीती ओसरते. अल्फाचा घन = अल्फा + १ एवढा एकच नियम, आणि बेरजेत १ + १ = ०. चौथ्या घातापासून एकेक पायरी लिहीत गेले की सातवा घात १ येतो. नाही आला तर वरची एखादी ओळ चुकली आहे. १९६०चा रीड-सॉलोमन कोड अशाच फील्डांवर उभा आहे, आणि सीडीवरचा ओरखडा किंवा क्यूआर कोडवरचा डाग त्याच्यामुळेच बाधत नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी नवे प्रकरण उघडू नये. एक जुना पेपर घड्याळ लावून सोडवावा आणि प्रत्येक उत्तराखाली ताळ्याची ओळ लिहावी. प्रत्यक्ष पेपरात ताळा जमला नाही आणि वेळ उरला नाही, तर उत्तर खोडू नये. ताळा जमत नसल्याचे आणि संशय कोणत्या ओळीवर आहे ते स्पष्ट लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळावे.