एकदांडी

पायवाटेच्या कडेला, शाळेच्या कुंपणापाशी, पडक्या भिंतीच्या फटीत, जेथे मूठभर माती आणि थोडे ऊन असेल तेथे एक लहानशी वनस्पती सुखाने नांदत असते. तिला कोणी पेरलेले नसते, कोणी पाणी घातलेले नसते. जाणारे-येणारे तिला तुडवतात. माळी खुरप्याने तिला उपटून टाकतो. तरीही वर्षाचे बाराही महिने ती कोठे ना कोठे फुललेली आढळते. हीच एकदांडी. कोणी तिला दगडीपाला म्हणतात, तर कोणी कंबरमोडी.

तिचे खोड जमिनीसरसे पसरते व पेरापेरांशी मुळे धरते. पाने समोरासमोर, दातेरी व स्पर्शाला खरखरीत असतात. खोडातून एक सडपातळ, लवदार दांडी वीतभर किंवा त्याहूनही उंच जाते आणि तिच्या शेंड्यावर एकच फूल उमलते. एका दांडीवर एक फूल, म्हणून एकदांडी! हे नाव ज्याने ठेवले, त्याची दृष्टी किती अचूक असली पाहिजे!

परंतु ज्याला सारे फूल म्हणतात, ते खरोखर एक फूल नव्हेच. भिंगातून पाहिले, की मधला पिवळा गोल म्हणजे नळीसारख्या चिमुकल्या फुलांची दाट वस्ती आहे, हे ध्यानात येते. भोवतालच्या फिकट पाकळ्या बहुधा पाच असतात. त्यांतील प्रत्येक पाकळी हेही एक स्वतंत्र फूलच होय. तिच्या टोकाला तीन दाते असतात. फुलपाखरू येथे बसले, म्हणजे त्याला एकाच जागी अनेक फुलांतील मध मिळतो. सूर्यफूल, झेंडू, शेवंती आणि करडई ही सारी याच कुलातील. या विशाल कुलात वीस हजारांहून अधिक जाती आहेत.

एकदांडी मूळची भारतातील नव्हे. मेक्सिको, मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेचा उष्ण प्रदेश हे तिचे माहेर. स्वीडनमधील वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने १७५३ मध्ये तिचे ‘ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स’ असे नामकरण केले. यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘जमिनीवर पसरणारी’ असा आहे.

याच कुलातील आणखी एक वनस्पती अमेरिका खंडातून आली, ती मात्र उपद्रवी ठरली. ती म्हणजे गाजरगवत. भारतात ते १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आले व पुढे देशभर पसरले. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगाला खाज सुटते. काहींना श्वासाचा विकारही जडतो. त्याच्याही फुलाला पाच इवल्या पाकळ्या असतात. तेव्हा केवळ पाकळ्या मोजून ओळख पटत नाही. गाजरगवत ताठ उभे वाढते, त्याची पाने गाजराच्या पानांसारखी चिरलेली असतात आणि शेंड्यावर पांढऱ्या फुलांचे झुबके येतात. खोड, पान, दांडी आणि फूल ही चारही लक्षणे जुळल्यावाचून कोणत्याही रोपाला हात लावू नये.

ओळख पक्की झाल्यावर एकदांडी कुंडीत लावणे अवघड नाही. फूल सुकले, की तेथे पांढऱ्या केसांचा गोंडा दिसू लागतो. प्रत्येक काळसर बीजाला असा केसाळ मुकुट असतो. त्याच्याच बळावर ते वाऱ्याबरोबर उडते. ही बीजे भुसभुशीत, ओलसर मातीवर पसरून हलकेच दाबावीत. ती खोल पुरू नयेत, कारण रुजताना त्यांना प्रकाश हवा असतो. कुंडी उन्हात ठेवावी. पाणी बेताने घालावे. बीज न मिळाल्यास मुळे फुटलेले पेर लावले तरी चालते.

मात्र शेतकऱ्याच्या दृष्टीने एकदांडी हे तणच आहे. म्हणून गोंडे पांढरे होऊ लागताच ते खुडून घ्यावेत. पाहुण्याला अंगणात जागा द्यावी. परंतु शेजाऱ्याच्या शेतात त्याला मोकळे सोडू नये. कुंडीतील त्या एका रोपाजवळ रोज घटकाभर बसणाऱ्या मुलाला कळी, फूल, गोंडा आणि बीज ही सारी स्थित्यंतरे डोळ्यांदेखत दिसतात. मग पायवाटेवरील एकदांडीही त्याला ओळखीची वाटू लागते आणि चालताना त्याचे पाऊल आपोआप जपून पडते.