मुक्काम लोणारलाच करा

परदेशातून येणारे नातेवाईक, त्यांची तिकडची मित्रमंडळी, सगळ्यांना मी वर्षानुवर्षं एकच सांगत आलो: लोणार बघा, पण तिथं राहू नका. छत्रपती संभाजीनगरला हॉटेलात उतरा, गाडी करून जा, रात्री परत या. गावाला रेल्वे नाही; जालना स्टेशनवर उतरून एसटी नाहीतर गाडी. शिवाय परदेशी पासपोर्ट बघितला की छोटे लॉजवाले बिचकतात, कारण असा पाहुणा ठेवला की चोवीस तासांत त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन नोंदवावी लागते.

आता मी नेमकं उलटं सांगतो. गंमत म्हणजे मत फिरलं ते रस्ता सुधारल्यावर. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. मेहकरला उतरलं की लोणार हाकेच्या अंतरावर. माझ्या जुन्या सल्ल्याला याहून सोयीचं काय हवं होतं? पण पाहुणे अकरा वाजता पोचू लागले, काठावर फोटो काढू लागले आणि जेवायच्या आत शेगावच्या वाटेला लागू लागले. बेसॉल्ट खडकात उल्केच्या धडकेनं झालेलं, जवळपास 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर, आणि त्याच्या वाट्याला अर्धा तास! ते कळतं खाली उतरल्यावर. झाडी, मोर, पडकी हेमाडपंती देवळं आणि अल्कधर्मी पाण्याचा तो उग्र वास. उतरायचं तर सकाळीच, कारण वऱ्हाडातल्या दुपारी तो चढ चढून वर यायला सांगणं म्हणजे पाहुण्यावर सूड उगवणं. म्हणजे आदल्या रात्री गावात असायला हवं.

एमटीडीसीचं पर्यटक निवास आधी आरक्षित करा. दुसरीकडे उतरणार असाल तर परदेशी पाहुण्याची ती नोंद करतात का, हे फोनवरच विचारा. दारात उभं राहून नको. संध्याकाळ दैत्यसूदन मंदिराला द्या, बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम सावकाश बघण्यासारखं आहे. रात्रीच्या जेवणाची वर्दी दुपारीच द्यावी: भाकरी, पिठलं, ठेचा. ‘तिखट कमी’ दोनदा सांगा. तरीही ते वऱ्हाडी कमीच असेल, हे पाहुण्याला आधी सांगून ठेवा. रोख पैसे जवळ असू द्या. पायात बूट हवेत, चपला नकोत, आणि पाणी भरपूर. विवरातल्या तळ्याचं पाणी चढलेलं असेल तर काठच्या कमळजा देवीच्या देवळापर्यंत वाट आहे का, ते गावात विचारून मगच निघा. दगड उचलून आणू नका. हे अभयारण्य आहे, 2020 पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. आणि गुलाबी पाण्याची हमी कुणाला देऊ नका. जून 2020 मध्ये क्षारता वाढून सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता. तो काही दरवर्षीचा कार्यक्रम नव्हे.

गुडघेदुखीवाल्यांसाठी मात्र जुना सल्ला अजून कायम आहे: संभाजीनगरला उतरा, काठावरून विवर बघा आणि उरलेला वेळ वेरूळला द्या.