हळदीतले हात

सोनिवली, रविवार रात्र. काकूच्या लग्नाची मिनी डीव्ही कॅसेट संगणकावर उतरवली, आता एफएफएमपेग या सॉफ्टवेअरने फाइल बदलतोय. हळदीत नाचणाऱ्यांच्या हातांना कंगव्यासारखे दाते दिसत होते. पाल या व्हिडिओ पद्धतीत सेकंदाला 25 चित्रं असतात, पण प्रत्येक चित्राच्या सम आणि विषम ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या. बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टर लावून सेकंदाला 50 फ्रेम केल्या. दाते गेले, नाचाची लयही शाबूत राहिली. मग मंडपाच्या गडद पडद्यावर चौकोन उठले. एक्स264 एन्कोडरचा सीआरएफ, म्हणजे दर्जाचा आकडा (कमी तितका चांगला), मुळात 23 असतो, तो 18 वर आणला. फाइल फुगली, फुगू दे. जागा वाचवायला असं चित्रण चेचून टाकतात, त्याचा मला राग येतो. आजोबा चालताना-बोलताना फक्त याच कॅसेटमध्ये आहेत. मूळ कॅसेट कुणी फेकायची नाही, घरात बजावून ठेवलंय.