विचारून बांधलेला दवाखाना

औषध कडू असले तरी मनुष्य ते डोळे मिटून घेतो. परंतु दवाखानाच परका वाटला, तर त्याचे पाऊल उंबरठ्यापाशी अडखळते. माझ्या लहानपणी आमच्या शेजारी एक वृद्ध आजी राहत असत. ताप कितीही चढला, तरी तालुक्याच्या दवाखान्यात जावयास त्या तयार होत नसत. "तिथं माझ्या उशाशी कोणाला बसू देतील का?" एवढेच त्या विचारीत. मोठी माणसे ते हसण्यावारी नेत. त्या प्रश्नात केवढा अर्थ भरलेला होता, हे पुढे गडचिरोलीची हकीकत वाचताना माझ्या ध्यानी आले.

गडचिरोली हा महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचा, घनदाट अरण्याचा जिल्हा. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग या दांपत्याने तेथे 'सर्च' ही संस्था स्थापन केली. आजारी पडूनही लोक रुग्णालयात जाण्यास का कचरतात, हे त्यांनी आदिवासी गावकऱ्यांनाच विचारले. उत्तरे विचार करावयास लावणारी होती. मोठ्या इमारतीत आम्ही गोंधळून जातो. रोग्याजवळ आप्तांना राहू देत नाहीत. आणि डॉक्टर व परिचारिका पांढरी वस्त्रे घालतात. आमच्याकडे तर पांढऱ्या वस्त्रात मृतदेह गुंडाळतात!

मग दवाखाना कसा असावा, हेही लोकांनीच सांगितले. त्याप्रमाणे एका मोठ्या इमारतीऐवजी आदिवासी पाड्यासारख्या लहान लहान कुट्या उभ्या राहिल्या. रोग्यासोबत त्याचे आप्त राहू लागले. दवाखान्याला नाव लाभले ते दंतेश्वरी या आदिवासींच्या देवीचे.

यामुळे डॉक्टरांच्या विद्येला काही उणेपणा आला काय? मुळीच नाही. हिवतापाचे जंतू सूक्ष्मदर्शकातून तेच ओळखणार, औषधाची मात्राही तेच ठरविणार. परंतु रोगी कशाला भितो, दवाखान्याची वाट पावसाळ्यात कोठे बंद होते, पेरणीच्या दिवसांत घर सोडून कोणास निघता येते, या गोष्टी सूक्ष्मदर्शकातून दिसत नाहीत. त्या रोग्यालाच ठाऊक असतात. ही दोन्ही ज्ञाने एकत्र आली, म्हणजे उपचाराला यश येते.

१९७८ साली अल्मा-आटा येथे १३४ देशांचे प्रतिनिधी जमले होते. आपल्या आरोग्यसेवेची आखणी करण्यात आणि ती अमलात आणण्यात भाग घेणे हा लोकांचा हक्क आहे व कर्तव्यही आहे, असे त्यांनी जाहीर केले. हक्क मागावयास आपण सारेच पुढे असतो; कर्तव्यासाठी मात्र वेळ काढावा लागतो.

मुलांनो, तुमच्या गावच्या ग्रामसभेत आरोग्यकेंद्राचा विषय निघेल, तेव्हा तुमच्या आईला आग्रहाने तेथे जावयास सांगा. तान्हे मूल कडेवर घेऊन तेथवर चालत जाणे किती कठीण आहे, हे तिच्याइतके नेमके कोण सांगू शकेल?