पेशींची पारख

‘मूलपेशी’ हा शब्द अलीकडे आपल्या धर्मग्रामांतील घराघरांत पोहोचू लागला आहे, आणि त्याचे कारण बहुधा घरातले दुखणे हेच असते. मेळघाटातील कोरकू गावांत, किंबहुना साऱ्या विदर्भात, सिकलसेल हा आजार पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. रक्तातील गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि लेकरू रात्रभर कण्हत राहते. अशा वेळी कोणी ‘स्टेम सेलची सुई’ देऊ केली, तर आईबापांनी शेत विकायला काढावे यात नवल ते काय? अकोल्याकडील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाची दोन एकर जमीन अशीच गेली. मुलाचे दुखणे मात्र होते तसेच राहिले. म्हणूनच ही विद्या नेमकी काय आहे, हे समजून घेणे आम्हांला अगत्याचे वाटते.

जपानचे शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी चोवीस जनुकांतून नेमकी चार निवडली. ती साध्या पेशीत घातली असता ती पेशी आपले ठरलेले काम विसरून पुन्हा मूलपेशी होते, हे त्यांनी २००६ मध्ये उंदरावर आणि २००७ मध्ये मानवी त्वचेच्या पेशींवर दाखवून दिले. अशी पेशी पुढे शरीरातील कोणत्याही ऊतीचे रूप घेऊ शकते. तिच्यासाठी मानवी भ्रूणाचा बळी द्यावा लागत नाही, ही गोष्ट गर्भधारणेपासूनच जीवन पवित्र मानणाऱ्या आपल्याला विशेष मोलाची आहे. २०१२ मध्ये यामानाका यांना जॉन गर्डन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु खरी कसोटी पुढेच असते. मानवी पेशींच्या त्या पहिल्या प्रयोगात पन्नास हजार पेशींतून हव्या तशा जेमतेम दहा वसाहती उगवल्या. फसव्या, दाणेदार वसाहती मात्र शंभराच्या आसपास निघाल्या. सरकी पेरणाऱ्या वऱ्हाडी माणसाला हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही. बियाणे सारखेच दिसते. भेसळ कळते ती रोप वाढल्यावर. येथेही सूक्ष्मदर्शकातून सपाट, दाट, रेखीव काठाच्या वसाहती हेरून एकेक वेगळी उचलावी लागते. नुसत्या रूपावरही विसंबता येत नाही, कारण बाहेरून अस्सल दिसणाऱ्या काही पेशी आतून अर्धवटच बदललेल्या असतात. म्हणून त्यांच्या पृष्ठभागावरील खुणा तपासतात, गुणसूत्रे पाहतात आणि त्यांच्यापासून निरनिराळ्या ऊती खरोखर तयार होतात का, याची खात्री करून घेतात.

जनुके पेशीत नेण्याची रीतही सुधारावी लागली. आरंभी वापरलेले विषाणू पेशीच्या गुणसूत्रांतच ठाण मांडून बसत, आणि चार जनुकांपैकी एक कर्करोगाशी संबंधित असल्याने उंदरांत गाठी उद्भवल्या. पुढे सेंडाई नावाचा विषाणू उपयोगात आला. तो गुणसूत्रांत शिरत नाही आणि कालांतराने पेशीतून नाहीसा होतो.

२०१४ मध्ये जपानमधील कोबे येथे एका वृद्धेच्या डोळ्यात तिच्याच त्वचेपासून घडविलेल्या पेशींचा पडदा बसविला गेला. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत मात्र जनुकीय बदल आढळले आणि २०१५ मध्ये ते काम थांबविण्यात आले. हे थांबणे आम्हांला पहिल्या यशाइतकेच थोर वाटते.

सिकलसेल झालेले उंदीर अशा दुरुस्त पेशींनी बरे झाल्याचे २००७ मध्येच दिसून आले. माणसांसाठी मात्र तो उपचार अद्याप सिद्ध झालेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी होणारे अस्थिमज्जारोपण यांसारखे मान्य उपचार वगळता मूलपेशींचा वापर केवळ मंजूर चाचणीतच करता येतो, आणि अशा चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. तेव्हा कोणी सुईची किंमत सांगू लागला, तर चाचणीच्या मंजुरीचा कागद आधी मागावा. तोवर विवाहापूर्वी रक्ततपासणी आणि डॉक्टरांनी दिलेल्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या नेमाने घेणे, हेच हाताशी असलेले उपाय आहेत. आशा जरूर बाळगावी. पण शेत विकण्यापूर्वी बियाण्याची पारख करावी.